एका दिवसाचें पिणें



आषाढ महिन्याच्या अमावास्येला आपल्या महाराष्ट्रांत दोन नांवें आहेत. घरांतील वडील स्त्रिया तिला दिव्यांची आवस म्हणतात. त्या दिवशीं समया, निरांजनें, लामणदिवे घासून लख्ख करावयाचे, पाटावर मांडावयाचे, भोंवतीं रांगोळी काढून त्यांची पूजा करावयाची आणि कणकेच्या दिव्यांचा नैवेद्य दाखवावयाचा, अशी रीत आहे. दुसरें नांव गटारी. दुसऱ्या दिवशीं श्रावण लागणार, महिनाभर मद्यमांस वर्ज्य होणार, म्हणून आदल्या दिवशीं त्या दोहोंचा यथेच्छ समाचार घ्यावयाचा, ही त्या नांवामागची कल्पना. कोणी जाणते ‘गताहार’, म्हणजे सोडून दिलेला आहार, या शब्दाशीं तिचा संबंध जोडतात. परंतु त्या रात्रीं कित्येक भले गृहस्थ जेथें आडवे झालेले आढळतात त्या जागेवरूनच हें नांव पडलें असावें, असा सामान्य लोकांचा समज आहे. व्युत्पत्ति कोणतीहि खरी असो. एकाच तिथीला, पुष्कळदां एकाच घरांत, देवापुढें दिवे उजळले जातात आणि घरच्या कर्त्या माणसाच्या डोक्यांतील दिवा मात्र मालवला जातो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हा विचार आज मीं रेवसच्या धक्क्यावर उभें राहून करावयाचें योजिलें आहे. रेवस हें अलिबाग तालुक्यांतील, धरमतरच्या खाडीच्या मुखाशीं असलेलें एक लहानसें बंदर. समोरच्या तीरावर करंजा, त्यापलीकडे उरण, आणि खाडीबाहेर मुंबईकडे जाणारी वाट. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ नांवाची आगबोट याच रेवसकडे यावयास निघाली. तो दिवस आषाढी अमावास्येचा होता, आणि सणाला घरीं पोहोंचावें म्हणून निघालेले पुष्कळ लोक तींत होते. वाटेंत काश्याच्या खडकाजवळ तुफानी लाटांनीं बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूस धांवले, आणि पाहतां पाहतां ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. रेवसच्या बाजूच्या गांवांतील किती घरांत त्या रात्रीं दिवा लागला नसेल, याची कल्पनाच केलेली बरी.

‘रामदास’ दारूमुळें बुडाली असें कोणीहि म्हणूं नये. तिला बुडविलें तें वादळानें आणि उतारूंच्या घाबरगुंडीनें. मीं तिचें स्मरण केलें तें दुसऱ्याच कारणासाठीं. मुंबईस मासळी घेऊन चाललेल्या रेवसकडील कोळ्यांच्या होड्या त्या ठिकाणीं पोहोंचल्या, आणि त्या शूर लोकांनीं खवळलेल्या समुद्रांतून कित्येकांना वर ओढून काढलें. अमावास्या त्यांच्याहि घरीं होती. परंतु संकट तिथि पाहून येत नाहीं. तें आलें त्या घटकेला ज्यांचे हात स्थिर होते आणि डोकें ठिकाणावर होतें, त्यांच्यामुळें कांहीं जीव वांचले. एका दिवसाच्या शुद्धीचें मोल काय असतें, तें यावरून कळावें. आणि आजचा माझा विषय आहे तो एका दिवसाच्या बेशुद्धीचा.

दारूबाज म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांतील सुधाकरानें तें आपल्या मनावर कायमचें कोरून ठेविलें आहे. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या या नाटकानें मराठी कुटुंबांना दारूची भीति घातली हें त्याचें मोठेंच उपकारकृत्य होय. परंतु त्यामुळें एक गैरसमजहि नकळत रूढ झाला. व्यसन म्हणजे रोजची दारू, घरादाराची धूळधाण, सिंधूसारख्या साध्वीचे हाल. आणि जो असा नाहीं तो सुरक्षित! म्हणून आपल्या ओळखीचे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ निर्धास्तपणें सांगतात, “आम्ही कोठें रोज घेतों? गटारी, होळी, एकतीस डिसेंबर आणि एखादें लग्नकार्य. वर्षाचे चार दिवस!” आजच्या वैद्यकशास्त्राचें म्हणणें असें, कीं प्रश्न केवळ किती दिवस हा नाहीं, एका बैठकीला किती, हाहि तितकाच महत्त्वाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें याचें एक माप ठरविलें आहे. एका प्रसंगीं ६० ग्रॅम किंवा अधिक शुद्ध मद्यार्क पोटांत गेला, तर ती संघटना त्यास अतिपान म्हणते. आतां हे ६० ग्रॅम म्हणजे किती? आपल्याकडे व्हिस्की-रमच्या बाटलीवर मद्यार्काचें प्रमाण बहुधा शेंकडा ४२.८ असें छापलेलें असतें. ज्या लहान बाटलीला लोक ‘क्वार्टर’ म्हणतात तींत १८० मिलिलिटर दारू असते. म्हणजे शुद्ध मद्यार्क सुमारें ७७ मिलिलिटर. आणि मद्यार्क पाण्याहून हलका असल्यामुळें त्याचें वजन भरतें सुमारें ६१ ग्रॅम. तेव्हां ‘फक्त एक क्वार्टर’ या शब्दांनीं जिचें वर्णन होतें, तीच अतिपानाची सीमारेषा आहे. मित्रमंडळींत बसून दुसरी बाटली फोडणारा गृहस्थ त्या रेषेच्या किती पलीकडे गेला, याचा हिशेब त्यानें स्वतःच करावा.

हा मद्यार्क शरीराबाहेर टाकण्याचें काम मुख्यतः यकृताचें. तें मद्यार्काचें प्रथम अॅसिटाल्डिहाइड नांवाच्या विषारी द्रव्यांत आणि मग निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करतें. परंतु यकृत हा मोठा संथ कारकून आहे. तासाला सुमारें सात ते दहा ग्रॅम, यापलीकडे त्याचा हात चालत नाहीं. थंड पाण्याचें स्नान, काळी कॉफी, लिंबाचें सरबत, यांपैकीं कशानेंहि त्याची गति वाढत नाहीं. एका क्वार्टरचा निचरा व्हावयास सुमारें सहा ते नऊ तास लागतात, दोहोंचा व्हावयास बारा ते सतरा. मध्यरात्रीं पेला खालीं ठेवून सकाळीं सात वाजतां मोटारीच्या चाकावर बसणारा, किंवा होडीचें सुकाणूं धरणारा मनुष्य, आपण झोप घेतली म्हणजे शुद्धीवर आलों असें समजतो. त्याचें रक्त मात्र अद्याप शुद्ध झालेलें नसतें. शंभर मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास मोटार हांकणाऱ्यास आपल्या कायद्यानें शिक्षा होते. ही मर्यादा सकाळच्या चालकालाहि लागू आहे.

मेंदूवर होणारा परिणाम ठराविक क्रमानें होतो, आणि त्या क्रमांतच सारा घात आहे. प्रथम मंदावतो तो विवेक, म्हणजे ‘पुरे’ म्हणणारी शक्ति. ज्या बुद्धीनें थांबावयाचें तीच आधीं झोंपीं गेल्यावर पुढचा पेला नाकारावयाचा कोणीं? त्यानंतर तोल, दृष्टि, वाचा, त्यानंतर स्मरण. कित्येकांना रात्रीं आपण काय बोललों, कोणाच्या अंगावर धांवून गेलों, हें सकाळीं आठवत नाहीं. त्यांना तें आठवत नाहीं याचें कारण मेंदूनें तें टिपूनच ठेविलेलें नसतें. बायकोनें आणि मुलांनीं मात्र तें टिपून ठेविलेलें असतें. याहून अधिक प्रमाण झालें म्हणजे श्वासोच्छ्वास चालविणारें केंद्रच मंद होतें. बेशुद्ध मनुष्यास ओकारी होऊन ती श्वासनलिकेंत शिरते आणि तो गुदमरतो. शिवाय १९७८ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं असें नमूद केलें, कीं सुटीच्या आणि सणाच्या अतिपानानंतर, एरव्हीं निरोगी असलेल्या माणसांच्याहि हृदयाचे ठोके एकाएकीं अनियमित होतात. त्या विकाराला त्यांनीं ‘सुटीचें हृदय’ असेंच नांव दिलें. हा केवळ रोजच्या दारूड्याचा रोग नव्हे. हा चार दिवसवाल्यांचाहि रोग आहे.

किनाऱ्यावर याला आणखी एक पदर आहे. गारठ्यांत आणि ओल्या वाऱ्यांत दारू ऊब देते, हा समज दर्यावर्दी लोकांत आणि शनिवार-रविवारीं अलिबाग, किहीम, मांडवा या बाजूस मौजेसाठीं येणाऱ्या शहरी मंडळींत सारखाच आढळतो. वस्तुस्थिति उलट आहे. मद्यार्कानें कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आंतलें उष्ण रक्त बाहेर येतें, अंग ऊबदार वाटतें. पण तीच ऊब वाऱ्यांत आणि पाण्यांत निघून जाते आणि शरीर आंतून थंड पडतें. तोल सांभाळणारा कानांतील अवयव बिघडतो, पाण्याचा अंदाज चुकतो आणि धाडस वाढतें. पट्टीचा पोहणारा अशा वेळीं किनाऱ्यापासून हांकेच्या अंतरावर बुडतो, आणि त्याच्या मागोमाग उडी टाकणारा त्याचा तसाच तर्र मित्रहि त्याच्याबरोबर जातो.

मग असें अमर्याद पिणें एका विशिष्ट दिवशींच कां होतें? माझ्या मतें याचें उत्तर ‘उद्यां बंद’ या दोन शब्दांत आहे. उपवासापूर्वीं मेजवानी, ही माणसाची जुनी खोड. गोव्यांत ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या व्रतापूर्वीं कार्निव्हाल येतो, तोहि याच जातीचा उत्सव. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथें पहिल्या महायुद्धाच्या काळांत गुत्ते संध्याकाळीं सहा वाजतां बंद करण्याचा कायदा झाला. हेतु चांगला होता, कीं कामगारानें वेळेवर घरीं जावें. परिणाम असा झाला कीं पांच वाजतां सुटलेला कामगार त्या एका तासांत सापडेल तितकी बिअर घशाखालीं ओतूं लागला, आणि सहा वाजतां रस्तोरस्तीं झोकांड्या खाणाऱ्यांची गर्दी होऊं लागली. न्यूझीलंडांत हा प्रकार १९१७ पासून १९६७ पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षें चालला. आपली गटारी ही पंचांगानें घातलेली तशीच सहाची घंटा आहे. श्रावणाचा संयम शिकवावयास ही तिथि नेमलेली; आपण तिला संयमावर सूड उगविण्याचा दिवस करून टाकिलें.

कायद्यानें हें थांबेल काय, असें कोणी विचारील. त्याचाहि इतिहास या खाडीच्या कांठावर सांपडतो. रेवसच्या पलीकडील उरण येथें एकोणिसाव्या शतकांत मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या आणि तेथून मुंबई शहरास दारू जात असे. १८७८ च्या अबकारी कायद्यानें सरकारनें हा व्यवहार आपल्या मुठींत घेतला. आणि चोरट्या भट्ट्यांनीं महसूल बुडूं नये म्हणून १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील लोकांनीं मोहाचीं फुलें बाळगण्यावरहि निर्बंध घातले. ज्या सरकारला दारूच्या उत्पन्नाची चटक लागते त्याच्याकडून दारूबंदीची अपेक्षा करणें किती कठीण, हें जोतीराव फुल्यांनीं तेव्हांच ओळखिलें होतें. पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना १८८० सालीं त्यांनीं शहरांतील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. पुढें १९३९ च्या ऑगस्टांत डॉ. गिल्डर यांच्या पुढाकारानें मुंबईंत दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला. आणि १९४९ चा दारूबंदी कायदा तर अद्यापहि पुस्तकांत आहे. त्या कायद्याप्रमाणें दारू पिण्यास आजहि परवाना लागतो. तो किती जण काढतात, हें श्रोत्यांना मीं सांगावयास नको.

कायद्याचा उपयोग नाहीं, असें मात्र मला सुचवावयाचें नाहीं. गांवांतील स्त्रियांनीं मतदान करून दारूचें दुकान बंद पाडण्याची सोय आपल्या राज्यांत आहे. ‘आडव्या बाटली’च्या खुणेवर निम्म्याहून अधिक मतें पडलीं कीं दुकान उठतें, आणि या हक्काचा उपयोग अनेक गांवांतील स्त्रियांनीं धैर्यानें केला आहे. परंतु जेथें समाजाची मागणी कायम राहते तेथें चोरटी दारू वाट काढतेच, आणि तिच्यांत कधीं मिथिल मद्यार्क असतो. रंगानें, वासानें तो ओळखूं येत नाहीं. यकृत त्याचें फॉर्मिक आम्लांत रूपांतर करतें, आणि तें आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूंस व पुढें प्राणास घातक होतें. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईच्या मालवणी भागांत अशा दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. तीं बहुतेक हातावर पोट असलेलीं माणसें होतीं.

आतां दुसऱ्या एका गैरसमजाकडे वळतों. “सगळेच पितात,” हें वाक्य आपण सर्वत्र ऐकतों. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील भारतीय पुरुषांपैकीं शेंकडा १८.८ पुरुषांनीं आपण मद्य घेतों असें सांगितलें; स्त्रियांत हें प्रमाण शेंकडा १.३ होतें. म्हणजे पांच पुरुषांतील चार जण पीत नाहींत. थोड्यांच्या उत्सवाला बहुसंख्यांनीं मूक संमति दिली आहे, हें खरें चित्र आहे. ही संमति स्वस्त नाहीं. २०१९ या एका वर्षांत जगांत सुमारें २६ लक्ष माणसें मद्यामुळें मेलीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांत सुमारें २० लक्ष पुरुष होते. प्रत्येकाच्या मागें एखादें घर असणारच.

आणि ती संमति देणारे आपणच आहों. कचेरींतील मंडळी वर्गणी काढतात तेव्हां न पिणाराहि ती देतो. न घेणाऱ्या तरुणाची ‘बायल्या’ म्हणून थट्टा होते तेव्हां वडीलधारे हसतात. रात्रीं उशिरा आलेल्या मुलाविषयीं आई म्हणते, “जाऊं द्या, आज गटारी आहे.” ‘आज’ या एका शब्दांत सगळी क्षमा येते. पण घरांतील सून आणि नातवंडें त्या ‘आज’च्या भीतीनें आठवडाभर आधींपासून जीव मुठींत धरून असतात, हें त्या माउलीला कोणीं सांगावें?

म्हणून माझी विनंति साधी आहे. ही क्षमा आपण मागें घ्यावी. वर्गणी नाकारावी, थट्टा करणाऱ्याला हसूं नये, ज्यानें घेतली आहे त्याच्या हातीं गाडीची किल्ली देऊं नये, मग तो जांवई असो कीं साहेब. अतिपानानें कोणी बेशुद्ध झाला तर त्याला ‘झोंपूं द्या’ म्हणून एकटें टाकूं नये. कुशीवर निजवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, जवळ बसून राहावें. आणि श्वास मंद किंवा अडखळत चाललेला दिसला, हांक मारून तो जागा झाला नाहीं, तर ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणखी एक सूचना फार महत्त्वाची आहे. जो रोज पुष्कळ पितो त्यानें श्रावण लागला म्हणून एकाएकीं, वैद्यकीय सल्ल्यावांचून, पिणें तोडूं नये. दारूला सरावलेल्या मेंदूस ती अचानक मिळेनाशी झाली म्हणजे पहिल्या दोनतीन दिवसांत हातपाय कांपतात, आंकडी येते, भ्रम होतो. क्वचित् मृत्यूहि ओढवतो. श्रावणाचा संकल्प त्यानें जरूर करावा, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुण्यांत डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ केंद्रानें हें महाराष्ट्राला दाखवून दिलें आहे. अशा माणसाला लपवूं नका आणि हिणवूंहि नका. त्याला उपचारांपर्यंत न्या.

राहतां राहिली ती अमावास्या. तिचें पहिलें नांव अद्याप पुसलें गेलेलें नाहीं. पुढच्या आषाढांत घरांतील पुरुषांनींहि त्या सायंकाळीं समया घासावयास बसावें, मुलांनीं रांगोळी काढावी, आणि दिवे लागल्यावर सर्वांनीं एकत्र जेवावें. मांसाहार करणाऱ्यांनीं तो खुशाल करावा; माझें भांडण रश्श्याशीं नाहीं, पेल्याशीं आहे. रेवसच्या धक्क्यावर उतरणाऱ्या माणसाची वाट पाहत घरचीं माणसें दिवा लावून बसलेलीं असतात. त्यानें शुद्धींत, आपल्या पायांनीं चालत घरीं यावें, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती पुरी करणें समुद्राच्या हातीं नेहमींच नसतें. आपल्या हातीं मात्र पुष्कळ अंशीं असतें.